आत्याचा हात

“हात माझा चुकला, अण्णा. लसीत खोट नव्हती, मंदाच्या दुधात खोट नव्हती. चुकला तो माझा हात.”

इंदूआत्या असं म्हणाली तेव्हा मी चहाची किटली घेऊन उंबऱ्यात उभी होते. आत्याच्या घराचं अंगण माणसांनी भरलेलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, मंदाच्या बाळाला मातीआड करून तिसरा दिवस होता. आत मंदा भिंतीकडं तोंड करून पडली होती. पान्हा फुटत होता आणि पिणारं तोंड नव्हतं, म्हणून आईनं तिची छाती फडक्यानं आवळून बांधली होती. बाहेर आमचे अण्णा बाजेवर बसलेले, आणि समोर जमिनीवर त्यांची पाठची सख्खी बहीण, इंदूआत्या. मंदाची सासू तीच, आणि बाळाला लस टोचणारी नर्सही तीच.

याला आता वीस वर्षं उलटून गेली. तरी अजून कुणी ‘चुकलं’ म्हटलं की माझ्या हातात ती तापलेली किटली येते.

आमच्या मंगळवेढ्याकडं आत्याच्या घरी पोरगी देण्यात काही नवल नाही. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, असं उठता-बसता म्हणतात. पोरगी परक्याच्या दारात जात नाही, आणि सासू म्हणून मिळते ती आपलं शेंबूड पुसलेली आत्या. आणखी काय पाहिजे? आत्याचा नवरा लवकर गेला, पदरात दोन पोरं. अण्णांनी तिला नर्सच्या शिक्षणाला घातलं आणि पोरं आमच्या घरी सांभाळली. शिकून ती खडकेवाडीच्या उपकेंद्रात लागली. त्या वर्षी भाऊबीजेला अण्णा ताटात नोट टाकायला गेले, तर तिनं ताट मागं घेतलं.

“पैसं नको मला. तुझ्या दोन पोरी दे माझ्या दोन पोरांना.”

“ने की आत्ताच,” अण्णा हसून म्हणाले. “न्हाईतरी घर खाऊन बसल्यात.”

मी तेव्हा इतकी लहान, की ताटातला लाडू कुणाला मिळणार एवढीच मला काळजी.

मंदा थोरल्या हणमंताला दिली. मी धाकट्या विलासची. आणि खरं सांगते, माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. विलास मला आवडायचा. त्यांच्या डाळिंबाच्या बागेतलं उललेलं फळ बाजारात चालत नाही, ते तो बाजूला ठेवायचा आणि आमच्याकडं येताना रुमालात बांधून आणायचा. “उजीचं” म्हणायचा. एवढंच. त्याच्या पलीकडं त्याला बोलता येत नव्हतं आणि मला त्याच्या पलीकडं काही नको होतं. तुळशीचं लग्न झालं की आमचा बार उडवायचा असं ठरलेलं. शालूसुद्धा घेऊन ठेवला होता. आईनं पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून.

त्याच साली मंदाला मुलगा झाला. सोहम. गोरा, नाकेला, आणि रडला तरी कसा, मांजराच्या पिल्लासारखा बारीक. आत्यानं इतर पोरांबरोबर त्यालाही डाव्या खांद्यावर क्षयाची लस टोचली. ते तिचं रोजचंच काम. थंड पेटी खांद्याला अडकवून ती वाड्या-वस्त्या पालथ्या घालायची. बायका घाबरायच्या तर म्हणायची, “अगं, महिन्याभरानं फोड येतो, येऊ दे. हळद लावायची न्हाई, दाबायचा न्हाई. फोड येऊन सुकला म्हंजे अंगानं लस धरली.” त्या गावात मूल बसायला लागायच्या आधी आत्याच्या मांडीवर बसलेलं असायचं.

सोहमलाही फोड आला. पण तो सुकेना. पसरायला लागला, चिघळला. मग काखेत लिंबाएवढी गाठ आली. तोंडात पांढरा थर, दूध ओढवेना, खोकला हटेना. अण्णा म्हणाले, दृष्ट लागली. आत्यानं पोराला उचललं आणि आधी सोलापूर, मग पुणं गाठलं. मदतीला म्हणून मी बरोबर.

पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याला आणि हणमंताला आत बोलावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसले. मंदा वॉर्डात बाळापाशी. दाराला अर्धी काच होती. डॉक्टर कागदावर काहीतरी काढून दाखवत होते, रेघा नि गोल. हणमंतानं डोकं धरलं. आत्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती, बस येईपर्यंत खांब धरावा तशी.

बाहेर आली ती सरळ माझ्याकडं आली. हातानं माझी हनुवटी वर केली आणि माझ्याकडं बघतच राहिली.

“काय म्हणले डॉक्टर?” मी विचारलं.

“उजे, तू जेवलीस का?”

“आत्या, मी काय विचारते!”

“जेव आधी,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून वॉर्डाकडं चालायला लागली. मला तिचा असा राग आला म्हणता! पोर तिकडं मरणाच्या दारात आणि हिला माझ्या जेवणाचं पडलंय.

सोहम तिथंच गेला. जाताना त्यानं मंदाचं बोट मुठीत धरलं होतं. ते सोडवायचं कुणाच्या हातून होईना. शेवटी आत्यानंच सोडवलं.

आणि आता हे अंगण. भाऊकीतले थोरले तात्या पान जुळवत बसले होते. त्यांनीच काडी टाकली.

“काय म्हणा, पोरीचा पायगुण बरा न्हाई. हणम्या अजून तरणा हाय. दुसरी बघाय पायजे.”

हणमंतानं मान वर केली, पण थोरल्यांपुढं बोलायची त्याची छाती झाली नाही. कडेला बसलेली एक शेजारीण म्हणाली, “पायगुण कसला तात्या, ती सुईच वाईट. मी तर सुनंला सांगून टाकलंय, पोराला टोचायचं न्हाई म्हंजे न्हाई.” तिच्या आजूबाजूच्या चार बायकांनी माना हलवल्या.

आत मंदाचं हुंदकणं थांबलं. ती ऐकत होती. मला वाटलं आत्या आता उठेल, तात्यांना फाडून खाईल. तिची जीभ काय कुणाला भीत नव्हती. आणि आत्या हे असलं बोलली. हात माझा चुकला.

अण्णांना आधी समजलंच नाही. “म्हंजे काय?”

“डोस जास्त गेला. सुई खोल गेली.”

“अगं पण त्याच दिवशी, त्याच बाटलीतली इतर पोरांनाबी टोचलीस की. ती कशी धडधाकट हायत?”

“त्यांना बरोबर टोचलं.” आत्या जमिनीकडं बघत होती. “आपला नातू म्हणून डोळं भरून आलं, अण्णा. हात थरथरला. परक्या पोरांना कधी थरथरला न्हाई, ह्यालाच थरथरला.” मग तिनं मान वर केली आणि त्या बायकांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, “लस चांगलीच हाय. दुसऱ्या बाईच्या हातनं घ्या, पण घ्या. मी बदलीचा अर्ज दिलाय. नवी नर्स येईल, तिचा हात चांगला हाय. माझ्या हाताला यश न्हाई राहिलं.”

अण्णा उठले. मी त्यांना रागावलेलं खूप वेळा पाहिलंय, पण असं पांढरं पडलेलं कधी नाही.

“तुझ्यापायी मी काय केलं न्हाई, इंदे? तुझी पोरं माझ्या ताटात जेवली. आणि तू माझा नातू... सोताच्या हातानं...”

“व्हय.”

“एक पोरगी तुझ्या घरात दिली ती दिली. तिला कुणी बोट लावलं, तर गाठ माझ्याशी हाय, तात्या, तुमालाबी सांगतो. तिनं काय केलं न्हाई. पण दुसरी पोरगी मी मेलो तरी ह्या उंबऱ्यात देणार न्हाई. आजपासनं मला भन न्हाई.”

“नको देऊ,” आत्या म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली! एका शब्दानं भांडली नाही माझ्यासाठी. ‘उजीनं काय केलंय’ एवढं तरी? किटलीचा चटका मला तेव्हा लागला. मी ती तिथंच आदळली आणि जीपकडं निघाले. गोठ्यापाशी विलास उभा होता. डोळे लाल.

“उजे, थांब. मी समजावतो मामाला.”

“तुझ्या आईला समजाव,” मी म्हणाले. “मोडलं ते तिनं.”

बोलता येत नव्हतंच त्याला. जीप वळली तरी तो तिथंच, हातात वैरणीची पेंढी घेऊन.

मग जे व्हायचं ते झालं. आत्याची बदली झाली. खडकेवाडीत नवी नर्स आली आणि बायका पोरं घेऊन तिच्यापुढं रांगेत बसल्या. तिचा हात चांगला आहे हे इंदूबाईनंच सांगितलं होतं ना. आत्याला मात्र जिथं गेली तिथं तिची कीर्ती पुढं जाऊन बसलेली. ‘नातू मारलेली नर्स.’ कुणी पोर मांडीवर देईना. शेवटी तिनं लशीच्या पेट्या पोचवायचं काम मागून घेतलं. मंदाच्या वाटेला पुन्हा कुणी गेलं नाही. अण्णांची दहशत होती, आणि दोष तर ठरलेलाच होता. तिनं पुढं मूल होऊ दिलं नाही. सोलापूरहून अनाथाश्रमातली एक पोरगी आणली आणि जिवापाड वाढवली. विलास पुण्याला गेला, तिकडंच लग्न केलं. मला अकलूजकडं दिली. नवरा भला माणूस. शालू तोच वापरला. आईला म्हटलं, पेटीत ठेवून काय त्याची पूजा करायचीय?

आत्याबद्दल एकच गोष्ट कानावर यायची. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. इंदूआत्या चंद्राला ओवाळते म्हणे. भाऊ जिवंत असून, चार गावं पलीकडं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगा. दिवाळीत तो तिसऱ्या महिन्यात होता. भाऊबीजेच्या दुपारी अण्णा मळ्यात गेले होते, आई पाठीमागं भांडी घासत होती, आणि दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर इंदूआत्या. केस सगळे पांढरे. हातात कापडी पिशवी.

मी पदर सावरून उभी राहिले. या म्हटलं नाही. माझी जीभ पहिल्यापासून तिखट.

“आता का आलीस?”

“पोराला बघाय.”

“हात लावू नकोस त्याला.”

“न्हाई लावत.” ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली, उन्हात. “नुसता खांदा दाखव. डावा.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणा, किंवा मीच आई झाले होते म्हणा. मी बाळाचं झबलं सरकवलं. खांद्यावर मसुरीच्या दाण्याएवढा वण होता. खपली पडून गेलेली, कातडी गुलाबी.

आत्या वाकून बघत राहिली.

“काख बघितलीस? गाठ?”

“न्हाई.”

“तोंडात पांढरं?”

“न्हाई म्हटलं ना.”

“धरलं गं,” ती म्हणाली. “धरलं. सुकलं.” आणि ती बाई, जिला मी सोहमच्या मातीला पण रडताना पाहिलं नव्हतं, ती दोन्ही हातांनी तोंड दाबून उन्हात गदगदून रडायला लागली.

मग माझ्या ध्यानात आलं. काय ते नाही, पण काहीतरी. मी बाळाला घेऊन तिच्यासमोर खाली बसले.

“आत्या, तुझा हात चुकला नव्हता.”

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “लस म्हंजे काय गं, अर्धमेला करून सोडलेला चोर. तो दावून अंगातल्या राखणदारांना शिकवायचं, असला आला तर धरा. ज्याचे त्याचे राखणदार वेगळे. कुणाचे चलाख, कुणाचे झोपाळू. म्हणून तर एकाच बाटलीतली लस एकाला ताप आणती आणि दुसऱ्याला कळतबी न्हाई. आपल्या सोहमच्या अंगात राखणदारच नव्हते. जन्माला येतानाच नव्हते. त्याला अर्धमेला चोरबी पुरून उरला.”

“आणि लस दिलीच नसती तर?”

“तर खोकल्यानं गेला असता. न्हाईतर जुलाबानं. पुण्याचे डॉक्टर म्हणले, असली पोरं वरीसभर निघत न्हाईत.”

“पण असं कशानं झालं?”

आत्यानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “अर्धी खोट आईकडनं येती, अर्धी बापाकडनं. अर्धीनं कुणाचं काय होत न्हाई. मी हाय की, अण्णा हाय की, ठणठणीत. पण दोन्ही अर्ध्या एका पोरात आल्या की संपलं. मंदाकडं अण्णाकडनं आली. हणमंताकडं माझ्याकडनं. आमच्याकडं आमच्या आईबापाकडनं. एकाच घरातली खोट गं, दोन वाटांनी गेली आणि आपणच तिची गाठ घालून दिली. ताटात पोरी मागितल्या ना मी.”

ती पुढं म्हणाली, “डॉक्टरनी कागदावर सगळं काढून दावलं. आणि विचारलं, घरात अजून असं नात्यातलं लग्न ठरलंय का?”

बाहेर बाकावर मी बसले होते. तुळशीच्या लग्नाची वाट बघत. उजे, तू जेवलीस का.

“तपासता नसतं आलं?” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “माझं, विलासचं?”

“तवा कुठं होती गं ती तपासणी आपल्याला मिळण्यासारखी. डॉक्टर म्हणले, खोट तुमच्यात असंलबी, नसंलबी. नक्की सांगता येत न्हाई.”

“म्हंजे नसतीबी, आत्या.”

“व्हय. नसतीबी.” तिनं माझ्याकडं बघितलं. “कदाचित तुमचं सोन्यासारखं झालं असतं. रोज म्हणते मी मनाला. पण मी मंदाची छाती बांधलेली बघितली, उजे. तुझी बघायची माझ्यात ताकद नव्हती.”

“अण्णांना सांगायचं होतंस!”

“काय सांगू? सात पिढ्या आपल्यात पोरी आत्याच्या घरी जातात, कुणाचं काय वाकडं झालं, म्हणाला असता. आणि भरल्या अंगणात रक्ताची खोट बोलले असते, तर तात्यानं ती मंदाच्याच नावावर लावली असती. बाईच्याच रक्तात खोट असती ना सगळ्यांच्या मतानं. ती शेजारीण तर लशीवर उठलीच होती. हणमंताला मी पुण्यातच शपथ घालून गप्प केलं होतं. मी तिथं बसून बघत होते, हे सगळं कुणाच्या अंगावर टाकावं. माझंच अंग मोकळं होतं. मला कुठं लगीन करायचं होतं?” आणि ती चक्क हसली.

मी हुंदका देऊन तिचा हात धरला. तोच हात. खरखरीत, औषधाचा वास अजून गेला नव्हता. बाळाला मी तिच्या मांडीवर ठेवलं. केवढ्या वर्षांनी तिच्या मांडीवर मूल आलं होतं कुणास ठाऊक. तिनं त्या वणावरून अगदी हळू अंगठा फिरवला.

तेवढ्यात पायवाटेनं चपला वाजल्या. अण्णा. मळ्यातून लवकर परतलेले.

ते अंगणाच्या मध्यात थांबले. बहिणीकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या नातवाकडं बघितलं.

“उजे, पोर उचल.”

“अण्णा, ऐका...”

“पोर उचल म्हणतो! एकाला खाल्लं त्या हातानं, ते पुरं न्हाई झालं?”

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. आत्यानं पदराखालून माझं मनगट असं काही आवळलं, की बांगडी रुतली. तिनं बाळाला माझ्या हातात दिलं, झबलं सारखं केलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

“चुकलं अण्णा,” ती म्हणाली. “हात माझा चुकला. जाते.”

पिशवी उचलताना तिच्या आतलं मला दिसलं. छोटं ताट, निरांजन, काड्याची पेटी, पुडीत कुंकू, एक सुपारी. ती नुसतं पोर बघायला आली नव्हती. मी मागून धावले तर ती वळून हळू आवाजात म्हणाली, “त्याला कळलं तर त्याला वाटंल आपल्याच रक्तानं नातू गेला. आता ह्या वयात कशाला? माझ्यावर रागावतो ते बरं हाय, राग पेलतो माणूस. माझी शपथ हाय तुला.”

दिवस मावळला. बाळाला खांद्यावर घेऊन मी जिना चढून माळवदावर गेले. गावच्या पूर्वेला, फाट्यावर एस.टी. थांबते तिथं बाभळीखाली कुणीतरी उभं होतं. हातात इवलासा दिवा. दिवा सावकाश गोल फिरत होता, वर-खाली. पश्चिमेला, फाट्यावरून बघितलं तर बरोबर आमच्या घराच्या माथ्यावर, बीजेची कोर दिसत होती, आणि तिच्या खाली माळवदावर अण्णा पाठमोरे बसून तंबाखू मळत होते.

ते वळले, डोळ्यांवर हात धरून बघायला लागले.

“तिकडं दिवा घेऊन कोण उभं हाय गं?”

बाळ खांद्यावर झोपलं होतं. त्याच्या डाव्या दंडाखाली माझा तळवा होता.

“कुणी न्हाई, अण्णा,” मी म्हणाले. “एस.टी.ची वाट बघतंय कुणीतरी.”